आजोबांची बाजाची पेटी (हार्मोनियम) उघडली, आता बंद करवत नाही. हे काम शिकून पोट भरेल का?

लेथवाला:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

मी कराडजवळ तासवडे एमआयडीसीत लेथवर आहे. वय २७. गेल्या वर्षी आजोबा गेले. दिवाळीच्या साफसफाईत त्यांची पेटी माळ्यावरून खाली काढली. सव्वातीन सप्तकांची, ३९ पट्ट्या, दुहेरी सूर (म्हणजे प्रत्येक पट्टीला आवाज देणाऱ्या दोन पितळी जिभा), सात घड्यांचा भाता. कुणी बनवली ती पाटी कधीच पडून गेलीय. आजोबा गावच्या भजनी मंडळात हीच वाजवायचे, त्यांचा सा पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी. मला स्वतःला सारेगमपलीकडं काही येत नाही.

पेटी सुरात आहे का बघायला मोबाइलवर ट्यूनरचं ॲप घेतलं. सुरांची एकच ओळ चालू ठेवून मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्या मोजल्या. ॲप ४४० वर ठेवलंय (पांढरी सहा म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं), आकडे सेंटमध्ये, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग:

एक वजा २०, दोन वजा १६, तीन वजा ३४, चार वजा २२, पाच वजा ६१, सहा वजा ३५, सात वजा ३१.

सगळंच खाली! म्हटलं धातूचंच तर काम आहे, आपण रोज मिलिमीटरचा शंभरावा भाग धरतो, हे काय अवघड. पांढरी सातचा सूर काढला. पातळ केला की चढेल असा हिशेब करून रिबिटाजवळ बारीक कानस मारली. वजा ३१ चे वजा ५८ झाले. अजून मारणार होतो, पण हात थांबला.

बाकी दोन तक्रारी. खर्जाकडची पांढरी दोन हात न लावता वाजत राहते. आणि भाता कसा मारतो त्यावर ॲपचा काटा बदलतो, मग खरा आकडा कुठला धरायचा?

शेवटचं, आणि खरं तर हेच विचारायचं होतं. गेले दोन महिने शिफ्टवरून आलो की जेवायच्या आधी पेटी उघडून बसतो. आई म्हणते हा वेडा झाला. हे काम रीतसर शिकून त्यावर घर चालेल का? इथं कुणी हे करत असेल तर खरं खरं सांगा.

(आत सुरांच्या फळीवर पेन्सिलनं काहीतरी लिहिलंय. पुसट आहे, अजून लागलेलं नाही.)

———

वादीगठ्ठा:

आधी ती कानस टूलबॉक्समध्ये ठेव आणि टूलबॉक्सला कुलूप लाव.

मी तबला-पखवाजवाला, पेटीतलं मला फार कळत नाही. पण ॲपवाले आमच्याकडंही येतात. गठ्ठा (तबल्याच्या वादीखालचा लाकडी ठोकळा) कुठं ठोकायचा ते मोबाइलला विचारतात. परवा एकानं पुडीवरच्या, म्हणजे तबल्याच्या चामड्यावरच्या, काळ्या शाईवर पाण्याचा हात फिरवून 'सूर खाली आणला' म्हणून सांगितलं. पुडी गेली ती गेली, वर मलाच म्हणतो पुडी कमी प्रतीची होती.

पोटाचं विचारशील तर मी सकाळी दूध घालतो, दुपारनंतर दुकान उघडतो. ह्यात सगळं आलं. पेटीचं सांगणारे एक काका इथं आहेत, ते येतील बघ.

———

सरस_आणि_सूर:

आलो.

लेथवाला, तुझे आकडे वाचले आणि चहा बाजूला ठेवून पुन्हा वाचले. तू म्हणतोस सगळंच खाली. मला तर त्यात पेटी नीट लावलेली दिसते.

असं बघ. तुझ्या आजोबांचा सा पांढरी एक, तो वजा २०. तो शून्य धर आणि बाकीचे त्यावरून मोज. रे चार वर, ग चौदा खाली, म दोन खाली, ध पंधरा खाली, नी अकरा खाली. हे आकडे माझ्या ओळखीचे आहेत. सा धरून ऐकलेला शुद्ध गंधार ॲपच्या गंधारापेक्षा चौदा सेंट उतरलेलाच असतो. रे चार चढलेला, ध सोळाच्या आसपास, नी बाराच्या आसपास उतरलेला. ही पेटी कुणीतरी पांढरी एक धरून कानानं लावलीय. आमच्यात ह्याला गंधार ट्यूनिंग म्हणतात. एकदोन सेंटांचा फरक तर भाता मारण्यातसुद्धा येतो. इतक्या वर्षांनी, माळ्यावर पडून, लावणाऱ्याचा हात अजून तसाच दिसतोय.

ॲप सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतं. कुठल्याही पट्टीचा सा धरा, बेसूरपणा सगळीकडं सारखाच वाटून दिला जावा हा त्यातला हिशेब. वाईट नाही, त्याचा उपयोग आहे. पण त्या मापानं तुझ्या आजोबांच्या पेटीला नापास करू नकोस.

आणि मुळात सा वीस खाली का? जुन्या पेट्यांत हे फार दिसतं. ४४० चं माप १९३९ साली लंडनच्या बैठकीत ठरलं. त्याआधी १८५९ पासून फ्रान्सनं ४३५ ठरवलं होतं, आणि ४३५ म्हणजे ४४० च्या जेमतेम वीस सेंट खाली. आपल्याकडं जुने सूर जर्मनी, फ्रान्सकडून यायचे. तुझे सूर तिकडचेच आहेत असं मी न बघता म्हणणार नाही, पण पेटी सगळीच्या सगळी सारखी खाली असेल तर ती बिघडलेली नसते. ती तिच्या पट्टीत असते. सगळे सूर घासून वर आणायचे म्हणजे सगळ्या सुरांचं आयुष्य कमी करायचं. मंडळात बासरी नाही, सिंथेसायझर नाही, तर अट्टहास कशाला?

आता राहिला पाच. पंचम दोन वर, म्हणजे तुझ्या ॲपवर वजा १८ दिसायला हवा होता, दिसतो वजा ६१. सगळे शहाणे आणि एकटाच पंचम त्रेचाळीस खाली! त्याला हात लावू नकोस. कानस नाही, ब्लेड नाही, काही नाही. त्याच्याबद्दल नंतर लिहितो.

आधी तुझा सात. सूर म्हणजे चौकटीवर एका टोकाला रिबिटानं धरलेली पितळेची जीभ. टोकाकडचं पितळ काढलं तर जीभ हलकी होते, भराभर हलते, सूर चढतो. रिबिटाकडचं काढलं तर ती तिथं लवचीक होते, संथ हलते, सूर उतरतो. पातळ केलं की चढतो हे अर्धंच खरं. कुठं पातळ केलं ते महत्त्वाचं. तुझा निषाद परत येईल, सत्तावीस सेंट म्हणजे काही जीव गेला नाही. पण कानशीनं नाही. कानस पितळेवर ओरखडे पाडते, आणि पुढं तडा जायचा तर ओरखड्यातूनच जातो. करवतीच्या तुटक्या पात्याला धार लावून घे, त्याचा तासणीसारखा उपयोग कर. जिभेखाली फीलर गेजचं (फटी मोजायच्या पोलादी पानांच्या जुडग्याचं) पातळ पान सरकव, म्हणजे दाबानं जीभ वाकणार नाही. फीलर गेज तुझ्याकडं असणारच, आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना त्याचं नावही माहीत नाही. टोकाच्या दिशेनं हलके दोन-तीन हात मार. थांब. सूर गार होऊ दे. घासल्यानं आणि बोटांच्या उबेनं पितळ तापतं, तेव्हा ऐकलेलं खोटं असतं. मग फळीवर जागेवर बसवून ऐक. हातात धरून फुंकलेला सूर आणि पेटीत बसलेला सूर एक नसतो.

आणि ॲप बंद कर. तुझा गंधार शाबूत आहे ना? पांढरी तीन आणि पांढरी सात एकदम दाब. गंधाराचा पंचम म्हणजे निषाद, त्यांच्यातही षड्ज-पंचमाचंच नातं. दोन्ही जुळत नसतील तर आवाज हेलकावे खाईल, वांव-वांव-वांव. जसजसा निषाद जवळ येईल तसे हेलकावे लांबत जातील, वां-व, वां---व, आणि एका क्षणी थांबतील. दोन आवाज एकमेकांत विरघळल्यासारखे वाटतील. तिथं हात काढायचा. पूर्ण थांबायच्या किंचित आधी काढला तर आणखी बरं, उरलेलं दुसऱ्या दिवशी बघता येतं. जास्तीचं काढलेलं पितळ परत चिकटवता येत नाही.

भात्याचं: जोरात दाबलास की सूर किंचित उतरतो, खर्जात जास्त. म्हणून काटा हलतो. भजनात जसा मारतात तसा, मध्यम आणि सारखा भाता ठेव. सूर लावताना माझा डावा हात घड्याळासारखा चालतो, ते जमायलाच मला वर्ष लागलं.

हात न लावता वाजणाऱ्या पट्टीला बहुतेक सुराचा दोष नसतो. पट्टीच्या मागच्या टोकाला झडप आहे, तिला खालून चामडं किंवा बनात (जाड लोकरी कापड) लावलेली असते. तिच्याखाली कचरा, नाहीतर कसरीनं बनात खाल्लेली, नाहीतर तारेची स्प्रिंग ढिली. पावसाळ्यात लाकूड फुगून शेजारच्या पट्टीला घासतं तेही बघ. माळ्यावरची पेटी म्हणजे उंदीर आणि झुरळं. लाकूड चिकटवायचा सरस आणि चामडं त्यांना जेवणच.

मोठं झालं. पोटाचं रात्री लिहितो, आता एक कीर्तनकारांची पेटी द्यायचीय.

———

मंद्रसप्तक:

काका, निम्म्याहून जास्त पटलं. निम्म्यावर भांडते.

मी पुण्यात मुलींना गाणं शिकवते. क्लासमध्ये एकीचा सा काळी चार, दुसरीचा काळी पाच, एका छोटीचा पांढरी सहा. गंधार ट्यूनिंगची सुंदर पेटी मला एका ओळखीतून मिळाली होती. पांढरी एक धरून वाजवली की डोळ्यांत पाणी यायचं. काळी चार धरली की तीच पेटी रडवायची. शेवटी सारख्या बारा तुकड्यांवरच लावून घेतली. सगळ्यांना थोडं थोडं बेसूर, पण कुणावर अन्याय नाही.

गंमत म्हणजे रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती पुढं तीसेक वर्षं टिकली. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही ही एक तक्रार होती आणि सुरांचं हे ठोकळेबाज वाटप ही दुसरी. आता तेच वाटप मी पैसे देऊन करून घेतलं. तेव्हा नव्या मुलाला 'ॲप वाईट' एवढंच शिकवू नका.

———

सरस_आणि_सूर:

ताई, मान्य. म्हणूनच माझ्या दुकानात पेटी आली की पहिला प्रश्न 'काय बिघडलंय' हा नसतो. 'कोण गातं, आणि कुठल्या पट्टीत' हा असतो. क्लासची पेटी असेल तर मीही मीटर (सूर मोजायचं यंत्र) समोर ठेवून बारा तुकडे करून देतो. माझ्याकडंही मीटर आहे, फक्त कोनाड्यात देवासारखं नाही ठेवलेलं.

हा प्रश्न विचारायला मी कसा शिकलो ते सांगतो, त्यातच लेथवाल्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मी चौदाव्या वर्षी दुकानात लागलो. पहिली दोन वर्षं मला सुराला शिवू दिलं नाही. सकाळी स्टोव्हवर सरस शिजवायचा, पाण्याचं भांडं खाली आणि सरसाचं वर, उकळी येऊ द्यायची नाही. तो वास अंगाला असा बसला की शाळेत मुलं लांब बसायची, शाळा सुटली त्यात त्याचाही हात आहे. मग भात्याच्या घड्या, चामड्याच्या कडा तासून पातळ करणं, जुने स्क्रू आकारानं वेगळे करणं. तिसऱ्या वर्षी मालकांनी कळकलेल्या सुरांचा डबा दिला आणि म्हणाले, ऐक. घासू नको, नुसतं ऐक. कुठला जिवंत, कुठला थकलेला, सांग.

पुढं ९४-९५ च्या सुमाराला दुकानात पहिलं इलेक्ट्रॉनिक मीटर आलं. तोवर मी हुशार झालो होतो. एका बुवांची जर्मन सुरांची पेटी आली होती, नुसती भात्याच्या गळतीसाठी. मालक दोन दिवस गावी गेलेले. भाता केला, आणि हात शिवशिवायला लागले म्हणून मीटर लावलं. गंधार खाली, निषाद खाली, धैवत खाली. म्हटलं बुवांना खूश करू. दीड दिवसात तिन्ही सप्तकांतले सगळे गंधार, धैवत, निषाद काट्यावर आणून ठेवले. काटा हिरव्यात उभा राहिला की मला केवढं बरं वाटायचं.

बुवा आले. पायरीवरच मांडी घातली, पेटी पुढ्यात घेतली. सा धरला. मग सा-ग. पुन्हा सा-ग. भाता सोडला, झाकण मिटलं आणि मला म्हणाले, "माझा गंधार कुठं ठेवलास रे?"

ओरडले असते तर चाललं असतं.

मालक आल्यावर तीन रात्री बसले. चढवलेला प्रत्येक सूर रिबिटाकडून घासून उतरवला. सूर जागेवर आले, पण दोन्ही टोकांनी घासलेली जीभ बारीक झाली, आणि भरलेला आवाज होता तो गेला तो गेलाच. पैसे घेतले नाहीत. मला काढून टाकलं नाही. फक्त त्यानंतर वर्षभर पेटी आली की मला समोर बसवून गिऱ्हाइकाला विचारायला लावायचे, "कोण गातं? कुठल्या पट्टीत?"

आता पोट. वर्षातले चार महिने मला मान वर करायला वेळ नसतो. आषाढीच्या आधी दिंड्यांच्या पेट्या, त्या आटोपतात तोवर श्रावणातली भजनं, मग गणपती, नवरात्र. पुढं हिवाळ्यात सप्ताह. चैत्र-वैशाखात मात्र दुकानात माशा मारतो. पूर्ण काम म्हणजे उघडणं, साफसफाई, गळती, पट्ट्या सारख्या करणं, सूर लावणं. माझ्याकडं त्याचे अडीच-तीन हजार होतात आणि सलग दोन-तीन दिवस जातात. दुहेरी ३९ पट्ट्यांच्या पेटीत ७८ सूर, प्रत्येकाकडं एकदा तरी जावंच लागतं. लोकांना वाटतं एवढे कशाचे, नुसतं स्क्रूच तर पिळलं. नवीन पेट्यांच्या विक्रीवर थोडं सुटतं. बायको शिवणकाम करते, तिच्या मशीनवर दोन्ही मुलांची कॉलेजं झाली. माझ्या सुरांवर नाही, हे लिहायला मला लाज नाही.

तेव्हा नोकरी सोडू नकोस. तुझ्या हाताला माप आहे हे खरं. आमच्याकडं येणाऱ्या पोरांना अर्धा मिलिमीटर म्हणजे काय हेच दाखवावं लागतं. पण कान अजून तयार नाही. तो मशीनवर तयार होत नाही आणि घाईनंही नाही. रविवार मोकळा असेल तर सांग.

———

मंद्रसप्तक:

काका, बुवांचं वाचून गप्प बसले. माझ्या त्या पेटीचं असंच कुणी काही केलं असेल का हा विचार आता रात्रभर. मीच करून घेतलं म्हणा.

———

वादीगठ्ठा:

"माझा गंधार कुठं ठेवलास" हे मी दुकानात पाटीवर लिहून लावणार आहे. काकांना मानधन नाही.

———

लेथवाला:

काका, काय बोलू. काल रात्री बसलो.

पांढरी दोन: झडपेखाली ज्वारीचा दाणा निघाला. अख्खा. बनात एका कोपऱ्यात खाल्लेली आहे, पण दाणा काढल्यावर पट्टी गप्प झाली.

सात: फीलर गेजचं पान घालून टोकाला दोन हात मारले, दहा मिनिटं थांबलो, ऐकलं. पुन्हा दोन. तीन आणि सात एकदम दाबून ते हेलकावे पहिल्यांदा ऐकू आले. आधी ते मला ऐकूच येत नव्हते, किंवा येत होते पण ते काय आहे ते कळत नव्हतं. रात्री पावणेबाराला लांबत लांबत जवळजवळ थांबले. आईला उठवून ऐकवलं. ती म्हणाली बाबांची पेटी अशी वाजायची, आणि झोपायला गेली. राहवलं नाही म्हणून ॲप लावून बघितलं, वजा ३३.

पंचमाला हात लावला नाही. पण बॅटरी तिरकी धरून पेन्सिलचं ते अक्षर वाचलं. दोन ओळी आहेत, दोन्ही वेळची पेन्सिल वेगळी. वरची: "पां. ५ उतरला, लावला." खालची: "पां. ५ पुन्हा." तारीख नाही. हे काय असेल?

———

सरस_आणि_सूर:

हेच असेल असं वाटत होतं, म्हणून तर हात लावू नको म्हटलं.

सुस्थितीतला सूर आपणहून एवढा उतरत नाही. धूळ, कळक बसली तर थोडा उतरतो, आणि तो एकटाच उतरत नाही, शेजारचेही उतरतात. एकच सूर पुन्हा पुन्हा उतरतो तेव्हा रिबिटाजवळ पितळ थकलेलं असतं. सा आणि प हे भजनात सगळ्यात जास्त राबणारे सूर. तडा जायला लागला की जीभ तिथं मऊ पडते, म्हणून सूर उतरतो. दुरुस्तीवाला टोक घासून चढवून देतो. तडा वाढतो, पुन्हा उतरतो. तुझ्या आधीच्या माणसानं दोनदा हे केलं आणि दुसऱ्यांदा करताना त्याला शंका आली असणार, नाहीतर लिहून कशाला ठेवलं? आमच्यात अशी खूण पुढच्या माणसासाठी करून ठेवतात. मीही करतो. तिसऱ्यांदा टोक घासलंस तर भर भजनात तुटेल.

भिंग असेल तर जिभेच्या मुळाशी आडवी रेघ दिसते का बघ. केसाएवढी. उजेड बाजूनं घे.

———

लेथवाला:

कंपनीत इन्स्पेक्शनचं भिंग आहे, सूर खिशात घालून नेला. आहे. रिबिटापासून दोनेक मिलिमीटरवर, डावीकडून निघून निम्म्यापर्यंत आलीय. उघड्या डोळ्यांना अजिबात दिसत नव्हती.

नवीन जीभ मी कापून बसवू का? पितळेचा पत्रा मिळेल, जाडी मोजलीय.

———

सरस_आणि_सूर:

कापशील, मला खात्री आहे. पण आत्ता नको. पत्र्याची जाडी सगळीकडं सारखी असते, जिभेची नसते. मुळापासून टोकापर्यंत ती कमीजास्त केलेली असते आणि आवाजाचा रंग त्यातच असतो. चौकटीतून ती जाताना दोन्ही बाजूंना किती फट ठेवायची, टोक चौकटीपासून किती वर उचलायचं, हे सांगून येत नाही. टोक फार खाली बसलं तर जोराच्या भात्यात सूर गुदमरतो, फार वर राहिलं तर बोलायला उशीर लावतो आणि वारा खातो.

माझ्याकडं जुन्या मोडक्या पेट्यांतून काढून ठेवलेल्या सुरांचे तीन डबे आहेत. आजकाल बहुतेक सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात, चांगलेही असतात, पण तुझ्या जुन्या ओळीत नवा पंचम एकटाच चकाकल्यासारखा ऐकू येईल. डब्यातून त्याच्या वयाचा शोधू. चौकटीची लांबी-रुंदी मोजून निरोपात पाठव, ते तर तू माझ्यापेक्षा बरं मोजशील.

येत्या रविवारी ये. पेटी एसटीच्या डिकीत टाकू नकोस, मांडीवर घे, आणि भाता पट्ट्यानं बांध. तुटका सूर टाकून देऊ नकोस, तोही आण, डब्यात राहू दे. आणि ते फीलर गेज घेऊन ये, माझ्याकडचं पातळ पान गेल्या महिन्यात मोडलंय.

———

लेथवाला:

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघतो. सरस शिजवायला लावणार का?

———

सरस_आणि_सूर:

स्टोव्हमध्ये रॉकेल भरून ठेवलंय.